डिस्पोजलचा ट्रक, अकरा माणसं आणि त्रयोदशीची भरती : एक प्रकरण अभ्यास

मी पुण्यात मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. लोकांच्या मोडक्या गाड्या बघायच्या आणि अहवाल लिहायचा, हा रोजचा धंदा. हे प्रकरण मात्र घरचं आहे. मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसलेलो होतो. क्लेम कुठेही दाखल झालेला नाही, कारण दाखल करण्यासारखं हातात काही नव्हतंच. तरी हात शिवशिवले. ताईनं परवानगी दिली, दाजी म्हणाले, "लिही, पण माझं नाव नको." म्हणून कोणाचंच नाव घातलेलं नाही.

घटना एवढीच. जानेवारीतल्या एका शनिवारी दाजींच्या मिलिटरी डिस्पोजलच्या ट्रकमधून आम्ही अकरा जण दिवेआगरला गेलो. संध्याकाळी ट्रक पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर नेला आणि तो तिथे रुतला. भरती चढत असताना तासाभरात तो ट्रॅक्टरनं ओढून काढला. कोणाला खरचटलंही नाही. पुढचं सगळं 'हे झालं कसं' याबद्दल आहे.

गाडी

दाजींचं बालपण दापोडीत गेलं. खडकीचा डेपो, बेस वर्कशॉप, रस्त्यानं एकामागून एक जाणारे शक्तिमान ट्रक, हे बघत वाढलेला माणूस. त्या वयात ज्याला जे आवडतं ते पुढे खिशात पैसे आले की अंगणात येतं. दाजींच्या अंगणात निस्सान वन टन आली. अंगण म्हणजे भावकीतला एक मोकळा प्लॉट.

ही गाडी निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला बनायची. इंजिन सैन्याच्या जोंगा जीपचंच : सहा सिलेंडर, ३,९५६ सीसी, पेट्रोल. सैन्यातून बाद झालेल्या गाड्या लिलावात निघतात, आणि कागद नीट असतील तर त्यांची नोंदणी आरटीओत होते. त्यासाठी सैन्याच्या संबंधित अधिकाऱ्यानं दिलेला नमुना २१ मधला विक्री दाखला लागतो. दाजी या गाडीचे तिसरे नागरी मालक. कागद चोख होते, हे मी स्वतः तपासलं होतं. रंग मात्र मातकट पिवळा. मुलांनी हिरव्या रंगाचा हट्ट धरला होता, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाही लावता येत नाही. (रस्त्यावर असा रंग मारून फिरणाऱ्या जीपा दिसतात. दिसतात म्हणून चालतात असं नाही.)

गाडी पिवळी झाली तरी रुबाब गेला नाही. उंच बंपर, मागे ओढायचा जाड हूक, ताडपत्रीच्या कमानी, बोनेटवर हात मारला की घरंदाज पातेल्यासारखा आवाज. सिग्नलला थांबली की शेजारचा रिक्षावाला विचारणारच, "मिलिटरीची का?" आणि दाजी आरशात बघत म्हणणार, "होती."

या अहवालातला मुख्य आरोपी एक वाक्य आहे : "मिलिटरीची गाडी आहे, काही होत नाही." त्या दोन दिवसांत मी ते सात वेळा ऐकलं. त्यातलं एकदा माझ्याच तोंडून.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास गाडीखालून वेगाबरोबर वाढणारी टकटक यायची. गॅरेजवाल्यानं ती घालवली. कशी घालवली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

माणसं आणि कागद

पुढे दाजी आणि मी. मागे नऊ जण : ताई, तिच्या सासूबाई (वय ७४, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो), धाकटे दीर, जाऊबाई आणि पाच ते सोळा वयाची पाच मुलं. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, त्यावर गाद्या. आजींसाठी घरातली वेताची खुर्ची, नायलॉनच्या दोरीनं ताडपत्रीच्या कमानीला बांधलेली, तोंड मागच्या फळीकडे. त्यांना दिसणार होता तो फक्त मागे पळणारा रस्ता. एकालाही पट्टा नव्हता.

गुरुवारी रात्री जेवताना मी आरसी बुक मागून घेतलं. त्यावर गाडीचा वर्ग होता हलकं मालवाहू. पॉलिसी होती थर्ड पार्टीची. एवढ्या जुन्या गाडीला दुसरी कोण देणार? मी दाजींना सांगितलं ते धंद्यातल्या कोणालाही पाठ असतं. मालवाहू गाडीतून फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाला अपघात झाला तर भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला जागा मिळाली, पाहुण्यांना नाही. म्हणजे वाटेतल्या ताम्हिणी घाटात काही झालं असतं तर मागच्या नऊ जणांची जबाबदारी दाजींच्या खिशावर आणि घरावर आली असती.

दाजींनी भाताचा घास संपवला आणि म्हणाले, "दशम्यांचा डबा ताईच्या मांडीवर असणार. ती मालाची मालकीण. बाकीचे तिचे प्रतिनिधी."

सगळे हसले. मीही हसलो. आणि शनिवारी पहाटे साडेसहाला मीच पुढच्या सीटवर चढून बसलो. रोज दुसऱ्यांच्या फायलींवर 'जाणूनबुजून पत्करलेली जोखीम' असं लिहिणारा माणूस. या प्रकरणातली सर्वांत गंभीर चूक पुळणीवर झालेली नाही, ती या जेवणाच्या ताटावर झाली, असं माझं मत आहे. तिची किंमत मोजावी लागली नाही एवढंच.

परवान्याचा मुद्दा त्या मानानं किरकोळ. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू गाडी चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. दाजी त्यात बसत होते.

जाताना

भूगावला ट्रॅफिक तुंबलेलं. पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं सरकल्यावर इंजिन खोकायला लागलं आणि गप्प झालं. मागून हॉर्न. दाजींनी बोनेट उघडलं, ताईच्या पिशवीतला नॅपकिन मागितला, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. गरम झालेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. जुन्या पेट्रोल गाड्यांचा हा ठरलेला नखरा. पंधरा मिनिटांनी गाडी एका झटक्यात सुरू झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे सांगतोय ते दाजींना गाडी कळत नाही असा समज होऊ नये म्हणून. ताम्हिणी तर त्यांनी बघत राहावी अशी उतरवली. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता. अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय जेमतेम टेकवत. ड्रम ब्रेकची गाडी, मागे नऊ माणसं. ब्रेक तापवले असते तर विळ्यापर्यंत पोचेस्तोवर पॅडल मऊ पडलं असतं. मागे भेंड्या चालू होत्या.

माणगावात गर्दी, म्हसळ्यात चहा. चहा पिताना आजी म्हणाल्या, "आज शनिप्रदोष आहे. संध्याकाळी मला शंकराच्या देवळात सोडा आधी, मग तुम्ही कुठं जायचं तिथं जा." सगळे "हो हो" म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आता अहवालात ते ठळक अक्षरांत लिहावं लागतंय. त्याचं कारण पुढे येईल.

पुळण

दिवेआगरला पावणेदोनला पोचलो. जेवण, आमसुलाची सोलकढी, वाडीत पडून डुलकी. सुपारीच्या वाड्यांमध्ये अजून मधेमधे आभाळ दिसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं जी झाडं झोपवली त्यांची जागा भरायला सुपारीला बरीच वर्षं लागतात.

साडेचारला आजींना देवळात सोडलं, बरोबर जाऊबाई. बाकीचे ट्रकमध्ये. सुरूच्या बनातून एक बैलगाडीवाट पुळणीवर उतरते. वाटेच्या तोंडाशी पाटी होती : किनाऱ्यावर वाहने नेण्यास मनाई. पाटीशेजारी पंचविशीचा एक मुलगा शहाळी घेऊन बसलेला. तो उठून आला.

"काका, गाडी नका नेऊ खाली. पाणी फिरलंय."

"अरे, मिलिटरीची गाडी आहे," दाजी म्हणाले. "फोर बाय फोर. काही होत नाही."

मुलगा बाजूला झाला. तो नंतर काय करत होता ते मागाहून कळलं.

कोरड्या वाळूचा पट्टा ट्रकनं कण्हत ओलांडला. खालची ओली वाळू मात्र डांबरासारखी घट्ट. ओहोटीनं समुद्र इतका लांब गेलेला की लाटांचा आवाजही पातळ येत होता. दाजींनी दोन मोठ्या चकरा मारल्या. मुलं ताडपत्रीच्या कमानीला धरून ओरडत होती. खरं सांगायचं तर ती दहा मिनिटं फार मजेची होती, आणि मला ती परत हवीशी वाटतात.

मग फोटो. भाच्याची कल्पना : पुढची चाकं पाण्यात, मागे मावळतीचा सूर्य. दाजींनी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. वेळ पाच वाजून दहा मिनिटं. इंजिन चालूच ठेवलं, कारण गरम इंजिन बंद केलं तर परत वाफ धरायची भीती. सगळे उतरले. एकेकट्याचे फोटो, जोडीचे, सगळ्यांचे, मग टायमर लावून. दहा मिनिटं तरी गेली.

आता इथे थांबून वाळूकडे बघू. लाट येते तेव्हा चाकाला वळसा घालते. परतताना चाकाच्या दोन्ही बाजूंची वाळू उपसून नेते. लाटेगणिक चाक थोडं थोडं बसत जातं, आणि बसलेल्या चाकाभोवती पाणी आणखी जोरात फिरतं. त्यात इंजिनची थरथर. ओल्या वाळूवर पायानं थापट्या मारून बघा. आत्ता घट्ट असलेली जमीन क्षणात खिरीसारखी होते. आम्ही तीन टनांच्या आसपासचा ऐवज तिच्यावर ठेवून दहा मिनिटं थापट्या मारत होतो.

टायरमध्ये हवा ४५ पौंड. हवेचा जो दाब, साधारण तोच टायर जमिनीला देतो : चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या वर. हवा १८ पौंडांवर आणली असती तर टायर पसरला असता आणि हा दाब सव्वा किलोच्या घरात आला असता. वाळवंटात गाडी चालवणारा कोणीही पहिलं काम हे करतो. आम्हाला ते माहीत होतं. परत हवा भरायला पंप नव्हता, म्हणून केलं नाही.

दाजींनी रिव्हर्स टाकला. मागची चाकं गरगरली, गाडी हलली नाही, फक्त शेपूट खाली बसलं. फोर बाय फोरचा लिव्हर ओढला. तो खट्कन बसला. परत रिव्हर्स. मागची चाकं आणखी खाली. पुढच्या चाकांकडे मी बघत होतो. ती शांत होती.

"पुढची फिरत नाहीयेत," मी म्हणालो.

"फिरतायत. तुला पाण्यात दिसत नाहीत."

आणखी दोनदा झालं हे. तेवढ्यात मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा वाळूवर टेकला. पाच-तीस. मी शर्ट काढून दाजींच्या हातात दिला, पोटावर आडवा झालो आणि मोबाइलचा टॉर्च लावून खाली सरकलो. लाट मानेपर्यंत यायची आणि जायची. पुढच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी फ्लँज, म्हणजे जोडणीची चकती होती. त्याला बोल्टांची भोकं होती, बोल्ट नव्हते. त्यावर फाटक्या लुंगीचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळलेला, ग्रीसनं काळा झालेला. तिथून मागे गिअरबॉक्सकडे जाणारा, पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा असायला हवा होता. त्या जागी मला दाजींच्या चपला दिसल्या.

"दाजी, पुढचा प्रोपेलर शाफ्ट कुठंय?"

वरून बराच वेळ काही आलं नाही. मग, "गॅरेजमध्ये."

तर दिवाळीतली टकटक अशी गेली होती. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला. नाना पेठेत त्या मापाचा क्रॉस तेव्हा मिळाला नाही, म्हणून गॅरेजवाल्यानं शाफ्टच उतरवून ठेवला. आवाज बंद. शहरात फोर बाय फोर कशाला लागतंय? दाजींना तेव्हा सांगितलं होतं, त्यांनी "असू दे" म्हटलं होतं, आणि दोन महिन्यांत ते पार विसरले होते. लिव्हर तर अजून बसत होता ना. लिव्हर बसला की माणसाला वाटतं चाकं फिरणार.

तेरा पाउणे पावणेदहा

मी बाहेर आलो तेव्हा ट्रॅक्टर सुरूच्या बनातून उतरत होता. बोलावला कोणी? शहाळीवाल्यानं. आमची पुढची चाकं पाण्यात दिसली तेव्हाच त्यानं आपल्या चुलत्याला फोन केला होता. आम्ही फोटोला हसत होतो आणि ट्रॅक्टर घरून निघाला होता.

ट्रॅक्टर चुलता चालवत होता, मडगार्डवर त्याचे वडील. सत्तरीचे, कानावर मफलर. त्यांनी पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी काय?"

आम्ही पुण्याचे नऊ जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कोणी मोबाइल काढला.

"तेरस," म्हातारे स्वतःच म्हणाले. "तेरा पाउणे पावणेदहा. रात्री दहाला पूर्ण भरती. पुनव दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचं पाणी. आत्ता चालत येतंय. सहा वाजले की धावत येईल."

कोकण किनाऱ्याचा हा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाउणे सहा, पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वाअकरा. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळाशिवाय एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे त्या दिवशी चारच्या सुमारास पाणी सर्वांत खाली होतं आणि आम्ही उतरलो तेव्हा फिरलेलं होतं. शहाळीवाला हेच सांगत होता. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा खूप. आणि चढताना पाणी एका चालीनं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्या तासांत तिप्पट. आमच्यासाठी तिसरा तास सहाला सुरू होणार होता.

आणि हे सगळं ज्या एका आकड्यावर उभं आहे तो आकडा सकाळपासून ट्रकमध्येच होता, वेताच्या खुर्चीत. शनिप्रदोष म्हणजे शनिवारी आलेली त्रयोदशी. रात्री आजींना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी "तेरा पाउणे" एवढं ऐकूनच "पावणेदहा" म्हटलं. पाऊणकी त्यांना शाळेपासून पाठ. समुद्राशी तिचा संबंध त्यांना माहीत नव्हता, आणि संबंध ज्यांना माहीत होता त्यांना विचारायला आम्ही थांबलो नव्हतो.

काढणं

पुढचा अर्धा तास म्हाताऱ्यांनी चालवला. दाजी बंपरला दोर बांधायला निघाले होते. त्यांनी थांबवून मागच्या हुकात अडकवायला लावला. ज्या वाटेनं गाडी आत गेली त्याच वाटेनं ती निघते, नवी वाट काढायची नाही. मुलांना आणि ताईला त्यांनी दोराच्या लांबीहून दुप्पट लांब उभं केलं. ताणलेला दोर तुटला तर काय करतो ते त्यांनी हाताच्या एका फटक्यानं दाखवलं. शहाळीवाल्यानं ताईच्या केसांतली पिन घेऊन मागच्या टायरांची हवा सोडली. दीर आणि मी हातांनी चाकांमागची वाळू उपसत होतो, भाचा नारळाच्या झावळ्या आणून त्या खड्ड्यात घालत होता. जेवढी उपसायची तेवढी लाट परत भरायची.

पहिल्या ओढीत ट्रॅक्टरच फिरला. दुसऱ्या ओढीत ट्रक वीतभर हलला आणि परत बसला. तोवर पाणी मागच्या हबच्या वर होतं, आणि पुढे इंजिनचा पंखा पाणी उडवायला लागला म्हणून दाजींनी इंजिन बंद केलं. म्हातारे म्हणाले, "लाट वर आली की ओढ. उतरताना नको." लाटेत गाडी थोडी हलकी होते आणि वाळू सैल असते. तिसरी ओढ लाटेवर घेतली. वाळूनं मोठा ओला आवाज करून ट्रक सोडला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सुरूपाशी पोचून वळून बघितलं तेव्हा आमच्या खड्ड्याच्या जागी सपाट पाणी होतं.

ट्रॅक्टरवाल्यानं दीड हजार मागितले. दाजींनी तीन हजार पुढे केले. त्यानं निम्मे परत दिले आणि म्हणाला, "पाटी वाचत जा."

रविवार

रात्रीच दाजींनी खडकीच्या सुभेदार काकांना फोन लावला. सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईतून निवृत्त, दाजींचे या विषयातले गुरू. काकांनी पहिली दोन मिनिटं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, "मागच्या डिफरन्शियलचं तेल बघ. दुधाळ असेल तर गाडी इंचभर हलवू नकोस."

सकाळी भरायचा बोल्ट सोडून मी बोट घातलं. बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं. धावून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बसला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, हवेच्या छिद्रातून पाणी आत ओढून घेते. तेल-पाण्याचं ते मिश्रण घेऊन ताम्हिणी चढलो असतो तर बेअरिंग आणि दात वाटेतच खाल्ले गेले असते. आणि खारं पाणी नुसतं उभं ठेवलं तरी गंज चढवतं. गावातल्या मेकॅनिकनं तेल काढलं, डिझेलनं आत दोनदा धुतलं, ९० नंबरचं तेल भरलं. चारही ड्रम उघडून वाडीच्या पंपाच्या गोड्या पाण्यानं वाळू काढली, हबचं ग्रीस बदललं. दुपारचे दोन वाजले. मधल्या वेळात दंडही भरला. पावती फायलीत आहे.

त्या सगळ्याच्या आधी, पहाटे, मी एकटा पुळणीवर गेलो होतो. ओल्या वाळूवरचं आमचं सगळं भरतीनं पुसलेलं. वरच्या कोरड्या वाळूत मात्र चाकोऱ्या तशाच होत्या, अर्धा फूट खोल, बनापासून भरतीच्या रेषेपर्यंत. एक कासवमित्र तिथे फावड्यानं त्या बुजवत होता. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर चढतात आणि भरती जिथवर येते त्याच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात. सापडलेली घरटी हे लोक कुंपणात हलवतात. न सापडलेली तिथेच राहतात, वाळूत फूट-दीड फूट खाली, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. बोटभर लांबीचं पिल्लू चाकोरीत पडलं की त्याला समुद्राकडे जाता येत नाही, ते चाकोरीतूनच चालत राहतं. कावळे उजाडताच येतात. तो हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. गाडी कोणाची होती हे त्याला ठाऊक होतं असं मला वाटतं. त्याच्याजवळ दुसरं फावडं नव्हतं, म्हणून मी घमेलं घेतलं. बुजवायला पाऊण तास लागला.

परतीचा निर्णय ताईनं घेतला आणि त्यावर चर्चा झाली नाही. नऊ जण श्रीवर्धनहून एसटीनं पुण्याला. रिकामा ट्रक दाजी आणि मी आणला, ताम्हिणीत तीनदा थांबून, तीनदा नॅपकिन भिजवून.

हिशेब

३२० किलोमीटर, लिटरला चार. पेट्रोल आठ हजारांच्या वर. ट्रॅक्टर, दंड, तेल, मजुरी आणि पुण्यात आल्यावर मागच्या ॲक्सलची सील आणि एक बेअरिंग धरून आकडा एकोणीस हजारांवर गेला. एवढ्यात दोन मोठ्या गाड्या ड्रायव्हरसकट आल्या असत्या, हे जाऊबाईंनी एकदाच म्हटलं.

दाजींचा निष्कर्ष अजूनही असा आहे की शाफ्ट असता तर गाडी निघाली असती. मला ते पटत नाही. पुढची चाकं सर्वांत वाईट जागी होती. ती फिरली असती तर त्यांनीही स्वतःसाठी खड्डाच खणला असता. शाफ्टपेक्षा फोटोची दहा मिनिटं महाग पडली आणि फोटोपेक्षा ४५ पौंड हवा. यावर आमचं एकमत होणार नाही, आणि सुभेदार काका दोघांनाही मूर्ख म्हणतात.

क्रॉस शेवटी मिळाला, शाफ्ट बसला, मी खाली आडवा होऊन सगळे बोल्ट मोजले. मागची बाकं दाजींनी स्वतःहून काढून टाकली. आरसीवरचा वर्ग बदलून घ्यायचा अर्ज अजून खणातच पडून आहे. मुलं विचारत असतात परत कधी जायचं. आजी म्हणतात, जाऊ या की, पण एसटीनं. येताना त्यांना ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळाली होती आणि अख्खा घाट समोरून दिसला.